खाडीचं पाणी तपासायला घेशील तेव्हा

पर्यावरण अभियांत्रिकी घेतलीस ना, मग रसायनशास्त्र आणि जलगतिकी पहिल्यापासून पक्कं कर. झाडं लावण्याचा कोर्स नाही हा. बराचसा वेळ पाइप, पंप आणि गाळात जातो.

प्रकल्पाला दाभोळची खाडी घेतोयस ते उत्तम. वरच्या अंगाला चिपळूण आणि लोटे-परशुरामची एमआयडीसी, खाली समुद्र. पण नमुन्याच्या बाटलीवर नुसती वेळ लिहून भागणार नाही. भरती होती की ओहोटी, उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती) की भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती), तेही लिही. एकाच जागचं पाणी सकाळी नदीचं आणि दुपारी समुद्राचं असू शकतं. होडीवाल्या काकांना विचार, ते तुझ्या गाइडपेक्षा नेमकं सांगतील.

सीओडी, म्हणजे पाण्यातल्या घाणीचं रसायनाने ऑक्सिडीकरण करायला किती ऑक्सिजन लागतो ती चाचणी, करताना सांभाळ. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असतं. चाचणीतलं डायक्रोमेट हे रसायन त्याचंही ऑक्सिडीकरण करतं आणि आकडा उगाच फुगतो. मर्क्युरिक सल्फेट हा पाऱ्याचा क्षार त्याला एका मर्यादेपर्यंतच आवरतं, म्हणून आधी क्लोराइड मोज, मग पद्धत ठरव. आणि तो पारा बेसिनमध्ये ओतू नकोस, निदान आपण तरी! विरघळलेला ऑक्सिजन मात्र होडीतच रसायनं घालून स्थिर करायचा, प्रयोगशाळेत आल्यावर नाही.

बीओडी, म्हणजे जिवाणू ती घाण कुजवताना किती ऑक्सिजन वापरतात ती चाचणी, आपल्याकडे २७ अंशांवर ३ दिवस, परदेशी पुस्तकांत २० अंशांवर ५ दिवस. अहवालात कुठली ते लिही.

गेटला, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेला, २०२१ पासून पर्यावरण विज्ञान आणि अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे. त्याची तयारी तिसऱ्या वर्षी सुरू केलीस तरी चालेल.