दीड हजार की चौदा हजार?

वाचकांचे प्रश्न : कामगार कायदे आणि सरकारी योजना

प्रश्न : मी नागपुरात पारडीत राहते. यजमान इतवारीत कापडाच्या दुकानात बारा हजारांवर आहेत. मला लाडकी बहीण योजनेचे दीड हजार मिळतात, चौघांचं रेशन फुकट मिळतं. आता हिंगणा एमआयडीसीत पॅकिंगचं काम चालून आलंय, पगार १४,००० रुपये. मेट्रो आणि पुढचा ऑटो धरून रोज ८० रुपये लागतील. धाकट्याला शेजारी ठेवायचे महिन्याला दीड हजार. सासूबाई म्हणतात, एवढी दगदग करून हाती काय लागणार?

उत्तर : सासूबाईंचा प्रश्न रास्त आहे, म्हणून हिशेबच मांडू. १४,००० मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून असतील, तर त्यावर १२ टक्के भविष्य निर्वाह निधी (पीएफ), म्हणजे १,६८० रुपये कापले जातील. ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा) ०.७५ टक्के, म्हणजे १०५ रुपये. महाराष्ट्रात २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर नाही, त्यामुळे ते २०० रुपये वाचले. हातात १२,२१५. २६ दिवसांचा प्रवास २,०८० आणि मुलाला सांभाळायचे १,५०० वजा केले की ८,६३५ उरतात.

आता जाणारे पैसे. लाडकी बहीणसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, म्हणजे महिन्याला साधारण २०,८३३. यजमानांचे बारा आणि तुमचे चौदा मिळून २६,००० होतात, वर्षाचे ३,१२,०००. हे दीड हजार गेलेच धरा. नोकरी खासगी आहे म्हणून नव्हे, उत्पन्नामुळे. ई-केवायसीत (ओळखीच्या ऑनलाइन पडताळणीत) विवाहितेच्या पतीचा आधार क्रमांकही लागतो, त्यामुळे ‘माझं एकटीचं उत्पन्न कमी आहे’ ही सबब चालत नाही. अर्ज देऊन स्वतःच नाव कमी करून घेतलेलं बरं.

रेशनचं मात्र तुम्ही समजता तसं नाही. शहरी भागात प्राधान्य कुटुंबासाठी (ज्यांना हे फुकट धान्य मिळतं) उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५९,००० रुपये आहे. यजमानांचाच पगार वर्षाला १,४४,००० होतो. तेव्हा धान्य तुमच्या नोकरीमुळे जाणार नाही. कागदावर ते आधीच जायला हवं होतं. (पूर्णवेळ किमान वेतनावर काम करणारा कुणीही या मर्यादेत बसू शकत नाही, हा दोष त्या जुन्या आकड्याचा.) शिधापत्रिकांची तपासणी होते तेव्हा असे कार्ड निघतात. माणशी पाच किलोप्रमाणे २० किलो धान्य गेलं, तर ३५ रुपये किलोने महिन्याला ७०० रुपयांचा खर्च वाढेल. दवाखान्याची धास्ती नको : महात्मा फुले जन आरोग्य योजनेतलं पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आता पांढऱ्या, म्हणजे जास्त उत्पन्नाच्या कार्डालाही आहे.

थोडक्यात, दीड हजार गेल्यावर ७,१३५ रुपये हातात, धान्यही गेलं तर ६,४३५. शिवाय तुमच्या निधी खात्यात दरमहा तुमचे १,६८० आणि मालकाचे ५१४ जमा होतात. मालकाच्या हिश्शातले उरलेले १,१६६ पेन्शन योजनेत जातात. १०५ रुपयांत तुमच्यासह नवऱ्यावर आणि मुलांवर ईएसआयच्या दवाखान्यात उपचार होतात. उपचार पहिल्या दिवसापासून मिळतात, पण आजारपणाच्या रजेचे ७० टक्के पैसे लगेच मिळत नाहीत. त्यासाठी सहा महिन्यांच्या एका अंशदान (वर्गणी भरण्याच्या) कालावधीत ७८ दिवस भरलेले लागतात आणि त्याचा लाभ पुढच्या ठरावीक काळात मिळतो.

आमचं मत : कामाला जा. पण रुजू होण्याआधी एक विचारा, ‘पीएफ-ईएसआय पहिल्या दिवसापासून आहे ना?’ ‘तीन महिन्यांनी बघू’ असं उत्तर आलं, तर वरचा अर्धा हिशेब गळून पडतो. दुसरं, वाईट सौदा नेमका कुठे आहे तेही ओळखा. घराजवळ ८,८०० रुपयांचं काम मिळालं तर दीड हजार टिकतात. ९,५०० चं मिळालं तर ते जातात आणि तुम्ही ८,८०० वालीपेक्षा मागे पडता. तुमच्या घरासाठी ८,८३३ ते १०,३३३ हा पट्टा तोट्याचा.

प्रश्न : मी ४६ वर्षांची विधवा आहे. संजय गांधी निराधार योजनेचे १,५०० मिळतात, दोन घरी स्वयंपाक करून ४,००० येतात. मुलगी बारावीत आहे. एका रुग्णालयात कंत्राटदाराकडून साफसफाईचं काम मिळतंय, १३,५०० रुपये. अनुदान सोडू का? पुढे म्हातारपणी काय?

उत्तर : या योजनेची उत्पन्नमर्यादा वर्षाला २१,००० रुपये आहे. स्वयंपाकाचे ४८,००० धरले तरी तुम्ही आजच तिच्या पलीकडे आहात. उत्पन्नाचा दाखला नव्याने मागितला गेला की अडचण येईल. म्हणून तुलना १,५०० आणि १३,५०० अशी करू नका. आताचे ५,५०० आणि पीएफ-ईएसआय कापून हातात येणारे ११,७७८ अशी करा.

म्हातारपणाचा प्रश्न अधिक महत्त्वाचा. पीएफबरोबरच्या पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते आणि पेन्शन ५८ व्या वर्षी सुरू होते. सूत्र सोपं आहे : शेवटच्या ६० महिन्यांच्या पगाराची सरासरी गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगार १३,५०० च राहिला असं धरलं तरी बारा वर्षांनी महिन्याला साधारण २,३१४ रुपये बसतात. आजच्या अनुदानापेक्षा जास्त. एक गोम आहे : ही पेन्शन वर्षाला २७,७६८ होते, त्यामुळे मर्यादा २१,००० च राहिली तर ६५ व्या वर्षी वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेचं दार बंद होईल. तरी ५८ ते ६५ ही सात वर्षं तुमच्या हाती पैसा येत राहतो.

हे बिघडतं ते दोन ठिकाणी. रुग्णालयात कंत्राटदार बदलत राहतात, कामगार तेच असतात. नवा कंत्राटदार नवं खातं उघडायला बघतो आणि सेवेचे तुकडे पडतात. जुना यूएएन (पीएफचा कायमचा खाते) क्रमांकच द्या, आधारशी जोडलेला असल्याची खात्री करा. दुसरी चूक कामगार स्वतः करतात. काम सुटलं की निधीबरोबर फॉर्म १०-सी भरून पेन्शनचे पैसेही काढून घेतात. तेवढी सेवा पुसली जाते. मध्ये खंड पडला तर पैसे काढण्याऐवजी त्याच फॉर्मवर योजना प्रमाणपत्र (झालेली सेवा जपणारा दाखला) मागा. मुलगी अविवाहित आणि तुमच्यावर अवलंबून आहे तोवर ईएसआयमध्ये तिचंही नाव घाला.

प्रश्न : नागपूरच्या मिहान औद्योगिक भागात गार्ड आहे. कागदावर १३,०००, ड्युटी बारा तास, आठवड्याला एक सुट्टी. हातात जेमतेम नऊ हजार येतात. सुपरवायझर म्हणतो ‘पीएफच्या दोन्ही बाजू तुझ्याच’. यापेक्षा घरी बसून बेकारी भत्ता मिळतो का?

उत्तर : सरसकट बेकारी भत्ता मिळत नाही. बारावी किंवा पदवी झाली असेल तर मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत ६,००० ते १०,००० विद्यावेतन आहे, पण ते ठरावीक महिन्यांचं प्रशिक्षण आहे, नोकरी नव्हे.

दोन्ही बाजू कामगाराच्या पगारातून कापणं बेकायदा आहे. तुमच्या पगारातून जायला हवेत १,५६० निधीचे, ९८ ईएसआयचे आणि २०० व्यवसाय कराचे (फेब्रुवारीत ३००). हातात ११,१४२ यायला हवेत. म्हणजे दरमहा दोन हजारांवर रक्कम जास्त कापली जातेय आणि मालकाचा हिस्सा तुमच्याकडून जातोय.

बारा तासांचं प्रकरण याहून मोठं आहे. १३,००० भागिले २६ म्हणजे रोज ५००, तासाला ६२ रुपये ५० पैसे. आठवड्याला ४८ तासांवरचं काम दुप्पट दराने, म्हणजे तासाला १२५. मधली सुट्टी दिली जात नसेल तर आठवड्याला २४ तास जादा होतात, महिन्याचे १०४ तास, त्यांचे आणखी १३,०००. शिवाय १३,००० हाच आकडा तुमच्या कामाच्या किमान वेतनाइतका आहे का, तेही बघा. किमान वेतनातला विशेष (महागाई) भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो आणि कंत्राटदार जुनाच आकडा चालवतात.

आधी यूएएन चालू करून पासबुक उघडा. कापलेले पैसे तिथे दिसत नसतील तर निधी कार्यालयाच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तक्रार टाका. पगार आणि जादा तासांसाठी कामगार आयुक्तांच्या नागपूर कार्यालयात लेखी अर्ज द्या. वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असून तिच्यात दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे. अर्जासोबत बँक पासबुक, ओळखपत्र आणि हजेरी वहीच्या पानांचे फोटो जोडा. फोटो नोकरीवर असतानाच काढून ठेवा. काम सुटल्यावर ती वही बघायला मिळत नाही.