वाचकांचे प्रश्न : संस्थेचे संकेतस्थळ लोकांना वापरता येते का?

प्रश्न : आमच्या सामाजिक संस्थेचे संकेतस्थळ आम्ही गेल्या वर्षी नव्याने करून घेतले. विश्वस्तांना ते पसंत पडले, परिचितांनीही कौतुक केले. तरीही देणगी कुठे द्यायची, स्वयंसेवक म्हणून नाव कसे नोंदवायचे, हे विचारणारे फोन काही थांबत नाहीत. वास्तविक ही सगळी माहिती संकेतस्थळावर आहे. मग लोक वाचत नाहीत असे समजायचे, की आमचेच काही चुकते आहे? आणि ते तपासायचे कसे? – एक कार्यकर्ती

उत्तर : माहिती संकेतस्थळावर असणे आणि ती शोधणाऱ्याला सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुम्हाला येणारे फोन नेमके या दोहोंमधले अंतर दाखवतात. त्यामुळे त्यांना कटकट न समजता फोनजवळ एक वही ठेवा आणि महिनाभर प्रत्येक प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत लिहून घ्या. त्याचे शब्द सुधारू नका. ‘तुमच्याकडे शिकवायला यायचंय, कुणाशी बोलू?’ असे कुणी विचारले, तर त्याची ‘स्वयंसेवक नोंदणीबाबत विचारणा’ अशी नोंद करू नये, कारण तो माणूस संकेतस्थळावर ‘शिकवायला’ हा शब्द शोधत होता आणि तो त्याला दिसला नाही, हीच तर आपल्याला हवी असलेली माहिती आहे.

विश्वस्तांच्या पसंतीविषयी थोडे स्पष्ट लिहिते. वापरसुलभतेची आंतरराष्ट्रीय व्याख्या आयएसओ ९२४१ या मानकाच्या अकराव्या भागात दिलेली आहे. तो भाग १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०१८ मध्ये सुधारला गेला. ठरावीक लोकांना, ठरावीक परिस्थितीत, ठरावीक उद्दिष्ट कितपत अचूकपणे, किती कमी खटपटीत आणि किती समाधानाने गाठता येते, असे तिचे सार सांगता येईल. तुमचे विश्वस्त त्या ‘ठरावीक लोकां’मध्ये बसत नाहीत. ते संकेतस्थळ उघडतात ते पाहण्यासाठी, त्यावर काही काम उरकण्यासाठी नव्हे. आणि संस्थेतल्या प्रत्येक उपक्रमाचे नाव त्यांना तोंडपाठ असते.

हे किती नडते, याचा एक प्रसंग सांगते. एका संस्थेच्या संकेतस्थळाच्या चाचणीला मी बसले होते. समोर निवृत्त शिक्षिका होत्या आणि त्यांना एवढेच सांगितले होते की, ‘आठवड्यातून दोन तास मुलांना शिकवावे असे तुमच्या मनात आहे, तर या संकेतस्थळावरून पुढे काय कराल?’ बाईंनी ‘उपक्रम’ उघडले. तिथे सात उपक्रमांची सात नावे होती, सगळी संस्कृतप्रचुर, कानाला गोड आणि अर्थाचा मागमूस न लागू देणारी. त्यांनी ती सातही शांतपणे वाचली आणि विचारले, ‘ही मुलांची नावं आहेत का?’ मग त्या मागे आल्या, ‘संपर्क’ दाबले, दूरध्वनी क्रमांक पाहिला आणि पर्समधून स्वतःचा फोन काढला. शेजारी बसलेला कार्यकर्ता न राहवून पुटपुटला, ‘अहो, तिसऱ्या नावाखाली आहे ना!’ तुमच्याकडे येणारा प्रत्येक फोन याच वाटेने येत असावा, असा माझा कयास आहे.

अशी चाचणी तुम्हीही घेऊ शकता. संस्थेशी संबंध नसलेली माणसे निवडा, त्यांना एका वेळी एकेक करून बसवा आणि त्यांच्याच मोबाइलवर संकेतस्थळ उघडू द्या. वहीतले नेहमीचे प्रश्न घेऊन चार-पाच कामे लिहून काढा. मात्र मेन्यूमधला शब्द कामाच्या वाक्यात येऊ देऊ नका, नाहीतर माणूस विचार न करता तोच शब्द शोधतो. जे मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा, अशी विनंती करा. यानंतरचे काम सर्वांत अवघड आहे, ते म्हणजे गप्प बसणे. ‘हे दाबू का?’ असे विचारले गेले, तर ‘मी इथे नसते तर तुम्ही काय केले असते?’ एवढेच म्हणावे. काम स्वतः पूर्ण केले, मदतीने केले की सोडून दिले, नेमके कुठे अडखळले आणि त्या वेळी काय बोलले, इतकी नोंद पुरते. ‘कसे वाटले?’ हा प्रश्न शेवटासाठी राखून ठेवा, आणि त्याच्या उत्तरावर फार विसंबू नका.

प्रश्न : अशा चाचणीला पाच माणसे पुरतात असे ऐकले. आमच्या समितीला हे हास्यास्पद वाटते. शंभर जणांना प्रश्नावली पाठवणे अधिक शास्त्रीय नाही का?

उत्तर : दोन्हींचे काम वेगळे आहे. प्रश्नावलीतून लोकांचे मत कळते. ते कोणत्या बटणापाशी थांबले, हे कळत नाही. पाचांचा हिशेब जेकब नील्सन आणि टॉमस लांडावर या वापरसुलभतेच्या अभ्यासकांच्या १९९३ च्या कामातून आला आहे. त्यांनी तपासलेल्या प्रकल्पांमध्ये एका व्यक्तीच्या चाचणीतून सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होत होत्या. तेच प्रमाण धरले तर तीन जणांत सुमारे ६७ टक्के आणि पाच जणांत सुमारे ८५ टक्के अडचणी दिसतात, आणि पुढचा प्रत्येक माणूस बहुतांशी जुन्याच अडचणी पुन्हा दाखवतो. म्हणून पंधरा जण उपलब्ध असतील तर त्यांना एकदम न बसवता पाच-पाचांच्या तीन फेऱ्या कराव्यात आणि प्रत्येक फेरीनंतर दुरुस्ती करावी, हा नील्सन यांचा सल्ला मला पटतो.

समितीची शंका मात्र अगदीच निराधार नाही. ३१ टक्के ही सरासरी आहे. तुमच्या संकेतस्थळावर ती कमी असू शकते. शिवाय पाच जणांवरून ‘८० टक्के लोकांना देणगी देता येते’ असा निष्कर्ष काढणे साफ चूक ठरेल. आणि देणगीदार, स्वयंसेवक व मदत मागायला येणारे हे तीन वेगळे गट आहेत; प्रत्येकातून निदान तिघे तरी बसवावेत. मदत मागणाऱ्यांना बहुतेक संस्था विसरतात. का, याचा विचार समितीने जरूर करावा.

प्रश्न : आमच्याकडे मुखपृष्ठावरून वाद आहे. प्रत्येक विभागाला तिथे जागा हवी आहे. तडजोड म्हणून सरकणाऱ्या सात छायाचित्रांची पट्टी लावली आहे. मतदान घ्यावे का?

उत्तर : मतदानाने वाद मिटेल, पण मुखपृष्ठ सुधारणार नाही, कारण मतदान करणारे सगळे घरचेच. सरकणारी पट्टी ही तर तडजोडीची खूणच म्हणावी लागेल. सातवे छायाचित्र येईपर्यंत थांबतो कोण? वाचता वाचता मजकूर डोळ्यांसमोरून निघून जातो, आणि हलणारी पट्टी दिसली की जाहिरात समजून नजर खाली वळवणारेही पुष्कळ.

नील्सन नॉर्मन ग्रुप या वापरसुलभतेच्या सल्लागार संस्थेने २००९ मध्ये संस्थांच्या संकेतस्थळांवर देणगीदारांचा अभ्यास केला. संस्थेचे ध्येय काय आणि मिळालेल्या पैशांचा विनियोग ती कसा करते, या दोन गोष्टी देणगीदारांना सर्वप्रथम हव्या होत्या. पहिल्या गोष्टीचे उत्तर मुखपृष्ठावर देणारी संकेतस्थळे ४३ टक्के निघाली, दुसऱ्याचे उत्तर देणारी अवघी ४ टक्के. आणि १७ टक्के संकेतस्थळांवर देणगी कुठे द्यायची हेच लोकांना सापडले नाही. आकडे जुने आहेत, हे मान्य. तरीही तुमचे मुखपृष्ठ आज उघडून हे दोन प्रश्न त्याला विचारून पाहा.

विभागांच्या भांडणावर कार्डांचा उपाय करून बघावा. संकेतस्थळावरचा एकेक विषय साध्या भाषेत एकेका कार्डावर लिहा, बाहेरच्या आठ-दहा जणांना ती कार्डे त्यांच्या मनाप्रमाणे गटांत लावायला सांगा आणि प्रत्येक गटाला नावही त्यांनाच देऊ द्या. एखाद्या विभागाची कार्डे चार गटांत विखुरली, की तो विभाग ही संस्थेची अंतर्गत सोय आहे, पाहुण्याच्या डोक्यातली रचना नव्हे, हे विभागप्रमुखांना स्वतःच दिसते आणि आपल्याला बोलण्याचा वाईटपणा घ्यावा लागत नाही. नावांच्या बाबतीत मी हट्टी आहे. देणगीच्या बटणावर ‘देणगी द्या’ असेच असावे. ‘चला, हात देऊया’ हे फलकावर शोभते, बटणावर नाही.

वादाच्या भरात देणगीचा अर्ज दुर्लक्षित राहू नये. मी पाहिलेल्या एका अर्जात मोबाइल क्रमांकाच्या मध्ये मोकळी जागा सोडली की ‘अवैध माहिती’ असा लाल शेरा येई. कोणती माहिती, तिच्यात काय चुकले, काहीच सांगितलेले नव्हते, आणि मागे गेल्यावर भरलेला सगळा अर्ज कोरा होत असे. मोकळी जागा संगणकाने मुकाट्याने काढून टाकावी. माणसाला दुरुस्त करायला सांगायचेच असेल, तर चुकलेल्या रकान्याशेजारी, पूर्ण वाक्यात सांगावे.

प्रश्न : मी अंध आहे आणि पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरतो. एका संस्थेच्या देणगीच्या पानावर मला फक्त ‘बटण, बटण, बटण’ एवढेच ऐकू आले. हे तपासणे फार खर्चिक असते का?

उत्तर : नाही. बटणावर केवळ चित्र लावून त्याला नाव दिले नाही, की असे होते. दुरुस्ती मिनिटांची असते. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर विनामूल्य आहे, त्यामुळे कोणत्याही संस्थेला पडदा बंद ठेवून आपला अर्ज ऐकून पाहता येतो. माउस बाजूला ठेवून केवळ टॅब आणि एंटर या कळांनी देणगीच्या शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचता येते का, हे तर आजच बघता येईल. संकेतस्थळे अपंगांनाही वापरता यावीत यासाठीच्या डब्ल्यूसीएजी २.२ या ऑक्टोबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, एए या मधल्या पातळीसाठी, साध्या आकाराच्या अक्षरांचा पार्श्वभूमीशी उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ : १ असावा आणि दाबण्याची जागा, काही अपवाद वगळता, किमान २४ गुणिले २४ पिक्सेल असावी, असे सांगितले आहे. मराठी संस्थांनी आणखी एक पाहावे : जुना मजकूर युनिकोड या सर्वमान्य अक्षरसंकेतात नसेल, तर स्क्रीन रीडरला तिथे मराठी दिसतच नाही, तो निरर्थक अक्षरे वाचत सुटतो. अहवालाची पाने स्कॅन करून चढवली असतील, तर तेवढेही ऐकू येत नाही.

प्रश्न : सुधारणा केल्यानंतर विश्वस्तांपुढे आकडा ठेवायचा झाला, तर कोणता ठेवावा?

उत्तर : जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली दहा विधानांची ‘सिस्टिम युजेबिलिटी स्केल’ ही श्रेणी सोपी आहे. संकेतस्थळ वापरून पाहिलेल्या माणसाने प्रत्येक विधान कितपत पटते त्याप्रमाणे त्याला १ ते ५ गुण द्यायचे. विषम क्रमांकाच्या विधानांच्या गुणांतून १ वजा करायचा, सम क्रमांकाच्या विधानांचे गुण ५ मधून वजा करायचे आणि बेरजेला २.५ ने गुणायचे. उत्तर ० ते १०० मध्ये येते, पण ती टक्केवारी नव्हे. ६८ च्या आसपासचा आकडा सर्वसाधारण मानला जातो. फक्त एक सावधगिरी बाळगा. चांगले काम करणाऱ्या संस्थेला वाईट गुण देणे लोकांच्या जिवावर येते, आणि देणगीचे पान न सापडलेला माणूसही संकोचाने चाळीस-पंचेचाळीसच्या जागी ऐंशी गुण देऊन जातो. म्हणून विश्वस्तांपुढच्या कागदावर हा आकडा दुसऱ्या रकान्यात लिहा. पहिल्या रकान्यात आधीच्या आणि नंतरच्या फेरीत तीच कामे किती जणांनी विनामदत पूर्ण केली ते असू द्या, आणि त्याच्याखाली फोनच्या वहीतले सुधारणेआधीच्या आणि नंतरच्या महिन्याचे आकडे.