ॲस्पिरिन घेतली तर आतड्याचा कॅन्सर परत येत नाही, हे खरं आहे का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन महिन्याभरापूर्वी झालं, स्टेज तीन आहे, आणि ॲस्पिरिनची बातमी वाचल्यापासून घरातले सगळे 'इकोस्प्रिन (म्हणजे ॲस्पिरिनच) सुरू करून टाका' म्हणतायत. माझं म्हणणं एवढंच: गोळीच्या आधी ब्लॉक तपासून घ्या.

मी नाशिकमध्ये एका हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. ऑपरेशनमध्ये काढलेलं आतडं फॉर्मलिनच्या डब्यातून आमच्याकडे येतं. त्यातल्या गाठीचे तुकडे मेणात बसवले की प्लॅस्टिकच्या कॅसेटवर एक छोटी चौकोनी वडी तयार होते, तोच ब्लॉक. मायक्रोटोमवर त्याच्या तीन-चार मायक्रॉनच्या चकत्या काढून निदान होतं आणि उरलेला ब्लॉक लॅबमध्ये जपून ठेवला जातो. निफाड, मालेगावहून आलेले नातेवाईक रिपोर्ट घेऊन जातात, ब्लॉकचं सहसा कुणी विचारत नाही. पण ॲस्पिरिनचा उपयोग होईल का, हे त्यातूनच कळण्यासारखं आहे.

ती बातमी बहुधा २०२५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या अलास्का (ALASCCA) नावाच्या चाचणीची असावी. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क आणि फिनलंडमधल्या रुग्णांच्या गाठी आधी तपासल्या. पीआयके३सीए या जीनमध्ये किंवा त्याच्याच साखळीत काम करणाऱ्या इतर जीन्समध्ये बदल सापडला तो ३७ टक्के रुग्णांत. त्यांच्यातल्याच ६२६ जणांना चाचणीत घेऊन काहींना तीन वर्षं रोज १६० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिली, बाकीच्यांना तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी. पीआयके३सीएमधला ठरावीक बदल असलेल्यांत तीन वर्षांत कॅन्सर परतण्याचं प्रमाण ॲस्पिरिनवर ७.७ टक्के होतं, बिनऔषधी गोळीवर १४.१ टक्के. म्हणजे जवळपास निम्मं, आणि तेही इतक्या स्वस्त गोळीने. मला हे फार मोलाचं वाटतं.

पण 'परत येतच नाही' असं कुणी म्हटलेलं नाही. आणि गाठीतला असा बदल न बघता सरसकट ॲस्पिरिन दिली तेव्हा काय झालं? भारतातलेही रुग्ण असलेल्या ॲस्कोल्ट चाचणीत रोज २०० मिलिग्रॅम तीन वर्षं देऊनही ठोस फरक दिसला नाही. सेलेकॉक्सिब या दुसऱ्या सूज कमी करणाऱ्या औषधाचंही अमेरिका-कॅनडातल्या अडीच हजार रुग्णांच्या चाचणीत तेच झालं. मागाहून गाठी पाहिल्या तेव्हा पीआयके३सीए बदललेल्यांना त्याचा फायदा झाल्यासारखा दिसला, पण तो नंतर मांडलेला हिशोब. त्यावर विसंबून गोळी सुरू करू नये.

वडिलांच्या रिपोर्टमध्ये पीआयके३सीएचा उल्लेखच नसेल तर नवल नाही. स्टेज तीनला सहसा एमएमआर (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा शाबूत आहे का) बघतात. पीआयके३सीएची तपासणी वेगळी सांगावी लागते. डॉक्टरांना एनजीएस पॅनेलबद्दल (एकाच वेळी अनेक जीन्स तपासणारी चाचणी) विचारा आणि त्यात पीटीईएन व पीआयके३आर१ ही त्याच साखळीतली जीन्स आहेत ना, तेही बघा, कारण त्या बदलांतही ॲस्पिरिनवर कॅन्सर कमी परतला. रिपोर्टवरचा ब्लॉक नंबर लॅबला दिला की गाठीचा भरपूर भाग असलेला ब्लॉक निवडून पाठवता येतो. (गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये आधी रेडिएशन झालं असेल तर ऑपरेशनच्या तुकड्यात गाठ कधी कधी उरतच नाही, तेव्हा कोलोनोस्कोपीच्या बायोप्सीचा ब्लॉक मागा.)

तोवर स्वतःहून गोळी देऊ नका. अलास्कातही गंभीर त्रास ॲस्पिरिनवाल्यांत १६.८ टक्के होते, दुसऱ्या गटात ११.६. वडिलांना अल्सर होता का, रक्त पातळ करणारं औषध चालू आहे का, किडनी कशी आहे, केमोत प्लेटलेट किती उतरतात, हे डॉक्टरांना कळायला हवं. आपल्याकडे ७५ आणि १५० च्या गोळ्या मिळतात, डोसही त्यांनाच ठरवू द्या.

चाचणीत ॲस्पिरिन ऑपरेशननंतर तीन महिन्यांच्या आत सुरू केली होती. तुमचा एक महिना गेलाय आणि तपासणीच्या रिपोर्टला काही आठवडे लागू शकतात, म्हणून पुढच्या केमोची वाट न बघता याच आठवड्यात विचारा.