सुभेदारसाहेब, लेक खुर्च्या मांडायला निघालेली नाही

प्रश्न : मी मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. गाव खानापूर तालुक्यात. मुलगी वीस वर्षांची, बेळगावात बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. खो-खो चांगली खेळायची, पण गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि खेळ सुटला. आता म्हणते, मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवण्याच्या कामात जायचंय. स्वतःला खेळता आलं नाही म्हणून दुसऱ्यांसाठी खुर्च्या मांडायच्या का? बँकेची परीक्षा दे म्हणतो, तर ऐकत नाही.

सप्रेम नमस्कार, सुभेदारसाहेब.

तुम्ही पलटणीत होता, म्हणून हे काम तुमच्याच भाषेत सांगतो. पलटण हलायची तर लंगर कुठं लागणार, गाड्या किती, पाणी कुठून येणार, हे कुणीतरी आधी ठरवलेलं असतं. त्या माणसाला तुम्ही कधी कमी लेखलं नसेल. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकला नुसते स्वयंसेवकच ४५ हजार होते. शिवाय ओळखपत्रं, वाहतूक, खेळाडूंचं जेवण-राहणं, खरेदी, हिशेब, पंचांची व्यवस्था असे कितीतरी विभाग. तिचं बी. कॉम. यात वाया जात नाही. खरेदी आणि हिशेबाला ते थेट लागतं.

एकच काम जवळून बघा. सामना संपतो, जिंकलेली मुलगी आईला मिठी मारत असते, तेवढ्यात एक स्वयंसेविका पुढं होऊन तिला सांगते, तुझी उत्तेजक चाचणी आहे. त्या क्षणापासून तपासणी कक्षापर्यंत खेळाडूला नजरेआड होऊ द्यायचं नाही. पदक घेताना, मुलाखत देताना, पाणी पिताना, सतत सोबत. लघवीचा नमुना किमान ९० मिलिलिटर भरावा लागतो, आणि घामाघूम झालेल्या खेळाडूला त्यासाठी कधी दोन-दोन तास लागतात. तेवढा वेळ गोड बोलत, पण डोळे उघडे ठेवून बसायचं. इथं चूक झाली तर साऱ्या निकालावरच बोट ठेवलं जातं. याला खुर्च्या मांडणं म्हणाल का?

चुकीची किंमत मी स्वतः पाहिली आहे. तरुणपणी एका राज्यस्तरीय शालेय स्पर्धेत संघांच्या गाड्या माझ्याकडं होत्या. एका सामन्याचं मैदान आदल्या रात्री बदललं. मला निरोप मिळाला, मी तो ड्रायव्हरच्या सोबत्याला सांगितला आणि झोपलो. सकाळी मुली जुन्या मैदानावर उतरल्या. बूट बांधून, केस आवळून तयार. इकडं प्रतिस्पर्ध्यांना पुढं चाल मिळाली. परतताना गाडीत कुणीच बोललं नाही. तेव्हापासून निरोप दिला म्हणजे तो पोचला, असं मी कधीच मानत नाही. या धंद्याचा पहिला धडा हाच आहे, आणि तो वर्गात बसून कळत नाही.

आता तुमच्या काळजीचं. ती खरी आहे. आयोजन समिती स्पर्धेपुरतीच असते. स्पर्धा संपली की कंत्राट संपलं. स्वयंसेवकाला पगार नसतो आणि परगावच्या स्पर्धेला जाण्या-राहण्याचा खर्च बहुतेक वेळा स्वतःचाच. म्हणून नुसतं ‘इव्हेंट मॅनेजमेंट’ म्हणत हिंडण्यापेक्षा तिनं एक विभाग हातात घट्ट धरावा. माझ्या मते तिच्यासाठी खो-खोचं पंचपद किंवा खेळाडूंची वाहतूक-निवास व्यवस्था. खेळ अंगात मुरलेला आहे, तर पंच परीक्षेची चौकशी जिल्हा संघटनेत आत्ताच करावी. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. मॅटवर, तेही इनडोअर. अशा स्पर्धांना नियम जाणणारी माणसं लागणारच. पदवी पूर्ण झालीच पाहिजे, त्यात सवलत नाही. पुढं पुण्यात सिंबायोसिसच्या क्रीडाविज्ञान संस्थेत क्रीडा व्यवस्थापनाचं एम.बी.ए. आहे, फी झेपते का ते आधी बघा. बँकेची परीक्षाही देऊ दे, एकामुळं दुसरं अडत नाही.

२०३०ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार आहे. तेव्हा ती चोविशीत असेल. चार वर्षं हातात आहेत. आणि आपल्या सीमाभागातल्या पोरांकडं एक भांडवल असतं, ज्याची आपल्यालाच किंमत नसते. घरात मराठी, बाजारात कन्नड, टीव्हीवर हिंदी, कॉलेजात इंग्रजी. चार राज्यांचे संघ एका जेवणघरात आले की ही पोर कुठंच अडत नाही. इंग्रजी बोलायची भीड मात्र तिनं मोडायला हवी.

आपल्या बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला मॅरेथॉन धावले. त्यांच्यापर्यंत ती वाट आली, कारण पुण्यात डेक्कन जिमखान्यावर कुणीतरी शर्यती भरवल्या आणि दोराबजी टाटांनी संघ पाठवायचं मनावर घेतलं. चौगुल्यांचं नाव राहिलं. त्या शर्यतींची रेघ कुणी मारली, वेळ कुणी मोजली, ते मात्र कुणाला ठाऊक नाही.

एक काम तुमच्यासाठी. यंदा गावच्या यात्रेत कुस्त्या असतीलच. जोडी ठरवणं, इनामाचा हिशेब, हलगीवाल्यांपासून पाण्याच्या टँकरपर्यंतची वही तिच्याकडं द्या, असं यात्रा कमिटीला तुम्ही स्वतः सांगा. मुलीच्या हाती मैदान कसं द्यायचं, असं कुणी म्हटलं तर शेजारी उभे राहा. पण वहीला हात लावू नका. मैदान झाल्यावर ती वही घेऊन दोघं बेळगावला माझ्याकडं या.