गोव्याच्या आतल्या भागात जिओकॅशिंगला जाताना स्वसंरक्षणासाठी बरोबर काय ठेवावं?

प्रश्नकर्त्याने लिहिलंय की तो आणि त्याचा मित्र डिसेंबरात पुण्याहून येणार आहेत. किनाऱ्याकडचे कॅशेस (लोकांनी लपवलेल्या, जीपीएसवरून शोधायच्या डब्या) मागच्या खेपेला झाले, आता सत्तरी आणि सांगे बाजूचे शोधायचेत. तर चाकू घ्यावा, पेपर स्प्रे घ्यावा की "एखादा छोटा कोयता"?

कोयता हा शब्द वाचला आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. कोयता आणू नका. चाकूही आणू नका. घाईत असाल तर एवढं वाचून थांबलात तरी चालेल.

मी साखळीची. आईचं माहेर केरी, म्हणजे सत्तरी माझ्या पायाखालची. २०१२ पासून कॅशेस शोधतेय. या सगळ्या वर्षांत रानात मला एकदाच खरी भीती वाटली, आणि ती आमच्याच बॅगेतल्या कोयत्यामुळे.

२०१६ चा डिसेंबर. माझा मावसभाऊ दोडामार्गहून आला होता. त्याला मी दादा म्हणते. त्याची बागायत आहे, रान त्याला नवीन नाही, आणि "जंगलात रिकाम्या हाताने जात नाहीत" हे त्याचं ठाम मत. मी नको म्हटलं तरी त्याने कोयता टॉवेलात गुंडाळून बॅगेत तळाला ठेवला. गावाचं नाव लिहीत नाही, कारण कॅश अजून त्या गावात आहे. हिंट होती: जुन्या घुमटीच्या मागे, डोळ्यांच्या उंचीवर. झाडी दाट, त्यामुळे जीपीएस कधी ४ मीटर दाखवी, कधी १७. घुमटी राखणदाराची, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाची. पुढे विझलेली पणती, दोन-तीन शिळी जास्वंदं. मागे चिऱ्याची पडकी भिंत. मी चपला काढून मागे गेले आणि टॉर्च मारून चिऱ्यांमधली एकेक फट बघायला लागले. दादा मोजपट्टी घेऊन भिंतीची उंची बघत होता, त्याला वाटलं हिंट समजायला मदत होईल.

आता हे दृश्य तुम्ही गावकऱ्याच्या डोळ्यांनी बघा. अनोळखी गाडी, अनोळखी बाप्या, एक बाई, टॉर्च, मोजपट्टी, हातात पिवळं यंत्र, आणि दोघंही राखणदाराच्या पाठीमागे भिंत चाचपताहेत. त्यात आम्हाला ठाऊक नव्हतं की दोनच महिन्यांपूर्वी त्याच घुमटीमागे कुणीतरी रात्रीचं खणलं होतं. गुप्तधनासाठी. बुजवलेला खड्डा माझ्यापासून चार पावलांवर होता, वरची माती अजून लाल दिसत होती, आणि मला तो नंतर दाखवला तेव्हा दिसला.

तिघे आले. एक म्हातारा, कमरेला आकडी, आकडीला कोयता. दोन तरुण. "हांगा कितें सोदतात?" म्हातारा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "काही नाही, सहज फिरायला आलोय." ती पहिली चूक. मोजपट्टी हातात धरून कुणी सहज फिरत नाही. एका तरुणाने बॅग ओढली, चेन उघडली, टॉवेल काढला, आणि टॉवेलातून कोयता खाली पडला. चिऱ्यावर आपटल्याचा तो आवाज मला अजून आठवतो. त्यानंतर लगेच दादाच्या कानाखाली बसली. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे: आधी प्रश्न, मग खोटं उत्तर, मग कोयता, मग थप्पड.

गाडीची चावी काढून घेतली. आम्हाला देवळाच्या मंडपात बसवलं. अर्ध्या तासात चाळीसेक माणसं जमली. पोलिसांना बोलवा, नको, आधी विचारा, असं चालू झालं. दादाला घाम फुटला होता, तो इंग्रजीत बोलायला लागला, ही दुसरी चूक. मी म्हाताऱ्याकडे बघून पाणी मागितलं. त्याने एका पोराला पाठवलं. तांब्या आला, मी पाणी प्याले, तेव्हा तो शेजारी बसला आणि म्हणाला, "तूं कोणाचें गो चेडूं?" मी बाबांचं नाव सांगितलं, आईचं माहेर सांगितलं, केरीतलं घर कुठलं ते सांगितलं. मग सगळं पहिल्यापासून सांगितलं. लोक डब्या लपवतात, उपग्रहाच्या आकड्यांवरून शोधतात, आत वही असते, नाव लिहून डबी परत तिथेच ठेवायची. खणत नाहीत, खणायला या खेळात मनाई आहे. कुणी विश्वास ठेवला नाही. मी म्हटलं, माझ्याबरोबर चला, तुमच्या समोर काढून दाखवते. मिळाली नाही तर पोलिसांना बोलवा.

ती दहा मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब. सगळं गाव मागे उभं. मी वाळक्या काटकीने फटी तपासत होते, हात घालत नव्हते, कारण पाला साचलेल्या चिऱ्याच्या फटीत काय बसलेलं असेल सांगता येत नाही. सातव्या की आठव्या फटीत काटकी प्लास्टिकवर लागली. काळी फिल्मची डबी, वर चिकटपट्टी, पट्टीला लाल माती लागलेली. उघडली. गुंडाळलेली कागदाची पट्टी, बोटभर पेन्सिल, एक रुपयाचं नाणं. म्हाताऱ्याने पट्टी हातात घेतली, शाळेतल्या एका मुलीला वाचायला दिली. तिने तारखा वाचल्या, नावं वाचली, २०१३ पासूनची. चौदा नावं. म्हातारा म्हणाला, "इतलेंच?"

मग त्याने असा प्रश्न विचारला की त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. डबी इथे ठेवताना कुणाला विचारलं होतं? राखणदाराची जागा आहे, इथे वस्तू ठेवायची तर गावाला सांगायला नको? कॅश ठेवताना जागेच्या मालकाची परवानगी घ्यायची हा या खेळाचा नियमच आहे, आणि ज्याने ती ठेवली त्याने कुणाला काही विचारलं नव्हतं. मी तिथेच माफी मागितली. म्हाताऱ्याने राखणदाराला केळी-नारळ ठेवायला लावले आणि आमच्या वतीने गाऱ्हाणं घातलं, की ही पोरं न कळत आली, यांच्यावर राग धरू नको. मी हात जोडून उभी होते. पुढे डबी ठेवणाऱ्याशी बोलून मी ती कॅश तिथून हलवली. आता ती त्याच गावात चहाच्या दुकानाजवळ आहे, दुकानदाराला माहीत आहे, आणि शोधायला येणाऱ्यांना तोच हिंट देतो. याचा मला अभिमान आहे.

निघताना म्हाताऱ्याने दादाचा कोयता उचलला, अंगठा पात्यावर आडवा फिरवून धार बघितली आणि दादाला विचारलं, "कोयतो बॅगेंत कित्याक रे?" दादाकडे उत्तर नव्हतं. तोच कोयता दादाच्या कमरेला उघडा असता तर तिथे कुणीही वळून बघितलं नसतं. तिथले सगळे बागायतदार कोयता लावूनच फिरतात. माड, पोफळी, झुडूप, लाकूड, दिवसभर त्याचंच काम. टॉवेलात गुंडाळून तळाला ठेवला, तिथे तो हत्यार झाला. आणि म्हणून तुम्ही कमरेला आकडी बांधून या असं मी सुचवत नाहीये. पुण्याहून आलेल्या माणसाच्या कमरेला कोयता बघून लोक आणखीच घाबरतील. गावाच्या शिवेपर्यंत म्हातारा आमच्याबरोबर आला आणि तिथे कोयता परत दिला, तोही माझ्या हातात.

आता दादा. गेली कित्येक वर्षं, प्रत्येक चतुर्थीला, प्रत्येक लग्नात, तो हा किस्सा सांगतो आणि शेवटी म्हणतो, "कोयता होता म्हणून कुणी हात लावला नाही." हात लावला. कोयता दिसल्यावरच लावला. थप्पड तो गाळतो, इंग्रजी गाळतो, पाण्याचा तांब्या गाळतो. गेल्या चतुर्थीला त्याच्या मुलाने मला विचारलं, "आत्या, मीपण कोयता नेऊ का?" तेव्हापासून मला हे कुठेतरी लिहून ठेवायचं होतं. तुमचा प्रश्न निमित्त झाला.

कायद्याचंही ऐका. म्हादई आणि नेत्रावळी ही दोन्ही अभयारण्यं १९९९ मध्ये जाहीर झाली, आणि सत्तरी-सांगेचं तुम्हाला हवं असलेलं रान बरंचसं त्यांत येतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम ३१: अभयारण्यात मुख्य वन्यजीव रक्षकांच्या किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय कुठलंही हत्यार घेऊन जाता येत नाही. हत्याराच्या व्याख्येत बंदुकीबरोबर चाकू, जाळी, फासे, विष, जनावराला इजा करू शकेल असं कुठलंही साधन आहे. वनरक्षकाने बॅग उघडली आणि कोयता निघाला, तर तुम्ही शिकारी नाही हे तुम्हाला सिद्ध करत बसावं लागेल. २०२० च्या जानेवारीत सत्तरीतच गोळावलीला एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विष घालून मारले गेले. तेव्हापासून अनोळखी माणसाकडे वनखातं आणि गाव, दोन्ही बारकाईने बघतात, आणि बघायलाच हवं.

बरं, कोयता कुणावर चालवणार? गव्यावर? हजार किलोच्या आसपासचा प्राणी. गवा दिसला की थांबायचं, त्याला वाट द्यायची, फोटोसाठी पुढे जायचं नाही. अस्वलासमोर कोयता काढलात तर त्याला एवढंच कळेल की तुम्ही हात उगारलात. सापासमोर तर मारण्याचा विचारही करू नका, तसं करतानाही चावे होतात.

परदेशी सल्ले वाचून इथे येऊ नका. हा खेळ ओरेगनमध्ये ३ मे २००० रोजी सुरू झाला, अमेरिकेने जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली अस्पष्टता काढली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. त्या पहिल्या बादलीत सॉफ्टवेअर, पुस्तकं, पैसे होते, बीन्सचा डबा होता आणि एक गलोलही होती. आज कॅशमध्ये खाण्याची वस्तू चालत नाही आणि हत्यारही चालत नाही. तिथले लोक अस्वलाचा स्प्रे, पिस्तूल यांच्या चर्चा करतात. त्यांचं रान वेगळं, त्यांचा कायदा वेगळा. आणखी एक: गार्मिनचं उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र कुणाकडून उसनं आणू नका. भारतात ते परवान्याशिवाय बाळगता येत नाही आणि गोव्याच्या विमानतळावर त्यावरून परदेशी पर्यटक अडकले आहेत. साधा फोन पुरतो.

मग न्यायचं काय? छातीपर्यंत पोचेल अशी वेळूची काठी. पुढचं पाऊल पडण्याआधी ती जमिनीवर आपटायची, फटीत हात घालण्याआधी ती घालायची. कुत्र्यांसाठीही तीच. घोट्याच्या वरपर्यंत बूट. मोठी टॉर्च. शिट्टी. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि सॉक्सात खोचलेली पँट, कारण सत्तरीत २०१५ पासून माकडतापाच्या केसेस झाल्या आहेत आणि तो गोचिडीतून येतो. घरी आल्यावर काखा, मांड्या, गुडघ्यामागे नीट बघा. साप चावला तर पट्टी आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका, १०८ ला फोन करा. प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांसाठी असतं. चोर्ल्याच्या पट्ट्यातला मलबार चापडा त्यात नाही, म्हणून न चावून घेणं हाच उपाय. घाटात रेंज जाते, तेव्हा निघण्याआधी कुणाला तरी सांगून ठेवा की अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोधा.

आणि गावात शिरल्यावर पहिल्या दुकानात थांबा. चहा घ्या. काय शोधताय ते खरं सांगा, फोनवर दाखवा. दोन मिनिटं जातात. घुमटी, देवराई, स्मशान, कुणाची बाग यांच्याजवळचा कॅश असेल तर विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. परवानगी नाही मिळाली तर सोडून द्या.

पेपर स्प्रेबद्दल विचारलं होतं, ते राहिलं. तो कायदेशीर आहे आणि मी स्वतः ठेवते. तुम्ही दोघे पुरुष आहात म्हणून मी वरचं सगळं तशा बेताने लिहिलं, पण एकटी बाई हे वाचत असेल तर तिला सांगते: संध्याकाळी किनाऱ्याजवळच्या कॅशला एकटी जात असशील तर स्प्रे खिशात ठेव, बॅगेत नको, आणि वारा कुठून येतोय ते आधी बघ. वाऱ्यावर उलटला तर डोळे तुझेच जातील. मला तो दोनदा हातात घ्यावा लागला, दोन्ही वेळा दारू प्यालेल्या पर्यटकांसमोर, गावकऱ्यांसमोर कधीच नाही. अभयारण्यात मात्र मी तो नेत नाही. विमानाने येत असाल तर आणू नका, काढून घेतात.

आणि दादा हे वाचत असेल तर: ती थप्पड कोयता पडल्यावर बसली. मी तीन हातांच्या अंतरावर उभी होते.