अल्ट्रासाउंड आणि एआय वापरून फिट ओळखता आणि थांबवता येते का?

तुम्ही लिहिलंय की भावाला दोन-तीन औषधं बदलून झाली तरी फिट येतातच, आणि आता कुठेतरी वाचलंत की एआय फिट ओळखेल आणि अल्ट्रासाउंड ती थांबवेल, तर त्याची वाट बघावी का. मी डॉक्टर नाही, ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद घेणारी तपासणी) करणारा टेक्निशियन आहे, बरीच वर्षं लोकांच्या डोक्याला पेस्ट लावून वायरी चिकटवतोय, त्यामुळे ओळखण्याबद्दल अनुभवाने सांगतो, अल्ट्रासाउंडबद्दल वाचून आणि डॉक्टरांच्या मागे लागून जे कळलं ते.

आधी ओळखणं. नवीन असताना एका तान्ह्या बाळाचा ईईजी करत होतो, स्क्रीनवर एकदम ठेक्यात लाटा सुरू झाल्या, सगळ्या सारख्या, मी धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आलो तर काय, आई बाळाला थोपटत होती! तिने हात थांबवला, लाटा थांबल्या. दात घासताना, काही चावताना पण असंच दिसतं. एआय नेमकं इथेच अडकतं. फिट असेल तेव्हा ओळखणं त्याला बऱ्यापैकी जमतं हो, पण फिट नसताना बोंब मारायची नाही हे अवघड. हिशोब करून बघा, महिन्यातून एक फिट येणारा माणूस आहे आणि मशीन दिवसातून एकदाच चुकीचा अलार्म देतं, तरी महिन्याच्या एकतीस अलार्ममधला एकच खरा, दुसऱ्या आठवड्यात घरचे ते मशीन कपाटात टाकतील. (मनगटावरची घड्याळासारखी यंत्रं मिळतात ती हाताचे झटके आणि घाम बघतात, त्यामुळे सगळं अंग आखडणारी मोठी फिट पकडतात, पण नुसतं टक लावून बसणं, ओठ चाटत राहणं अशी फिट त्यांच्या हाती लागणं कठीण.)

आता अल्ट्रासाउंड, म्हणजे सोनोग्राफीत वापरतात त्या आवाजाच्या लहरी. लोक इथे दोन वेगळी कामं एकत्र करतात. एक आहे बघायचं. फिटमध्ये मेंदूच्या ज्या भागात पेशी एकदम पेटतात तिथे रक्त जास्त धावतं, आणि अल्ट्रासाउंडला ते वाढलेलं रक्त दिसतं. पॅरिसच्या संशोधकांनी २०११ मध्ये उंदरांच्या मेंदूत फिट पसरताना अशी टिपली, आणि २०१७ मध्ये नवजात बाळांमध्ये. बाळांमध्येच का, तर त्यांची टाळू भरलेली नसते, तिथून लहरी आरामात आत जातात. मोठ्या माणसाची कवटी मात्र लहरी शोषते आणि वाकवते पण, मेंदूत आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, हाडात त्याच्या जवळपास दुप्पट, मग सगळं चित्र फिस्कटतं. म्हणजे तुमच्या भावाला टोपी घातली आणि अल्ट्रासाउंडने फिट दिसली, हे आत्ता तरी विसरा.

दुसरं काम उपचाराचं, आणि त्यातही दोन प्रकार. पहिला, जोरदार लहरी एका बिंदूवर आणून तिथला छोटासा भाग उष्णतेने जाळायचा. हाताच्या कंपासाठी अमेरिकेत याला २०१६ मध्ये मान्यता मिळाली, पेशंटला एमआरआयमध्ये झोपवतात, डोकं पूर्ण भादरतात, आणि लहरी सोडणारे हजाराच्या वर लहान लहान स्रोत असलेलं हेल्मेट बसवतात. प्रत्येक स्रोताची लहर किती आधी किंवा नंतर सोडायची म्हणजे कवटीतून वाकूनही सगळ्या लहरी एकाच ठिकाणी भेटतील, हे त्या माणसाच्या सीटी स्कॅनवरून काढतात, आणि एआयचा खरा उपयोग मला तरी इथे जास्त वाटतो, हे गणित पटकन करायला. दुसरा प्रकार हलक्या लहरींचा, त्यात काही जाळत नाहीत, पेशींना फक्त शांत करायचा प्रयत्न असतो. प्राण्यांमध्ये फिट कमी झाल्याचं दिसलंय, माणसांवर थोड्या थोड्या पेशंटवर ट्रायल झाल्यात, पण फिटसाठी रोजचा उपचार म्हणून हे अजून नाही.

गंमत म्हणजे तुम्ही विचारताय तसं, ओळखा आणि तिथल्या तिथे थांबवा, हे आधीच आहे, फक्त त्यात अल्ट्रासाउंड नाही. कवटीत बसवायचं एक छोटं यंत्र, तारा थेट फिटच्या जागी, गडबड दिसली की आतूनच हलका करंट देतं, अमेरिकेत २०१३ पासून मान्य आहे. फिट त्याने पूर्ण बंद होतातच असं नाही, कमी होतात, आणि वर्षं जातील तसा फरक वाढत जातो. ऑपरेशन लागतं म्हणून लोक घाबरतात, ते साहजिक आहे.

वाट बघण्याबद्दल माझं स्पष्ट मत, बघू नका. योग्य निवडलेली दोन औषधं नीट डोसात आणि नियमित घेऊनही फिट थांबत नसतील तर डॉक्टर त्याला औषधाला दाद न देणारी एपिलेप्सी (अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा आजार) म्हणतात, साधारण तीनातल्या एका पेशंटचं असंच होतं, म्हणजे तुमचा भाऊ काही जगावेगळा नाही. अशा वेळी एपिलेप्सी सेंटरमध्ये पाठवायचं असतं. तिथे व्हिडिओ ईईजी करतात, काही दिवस कॅमेऱ्यासमोर वायरी लावून ठेवतात, कंटाळवाणं काम आहे, पण फिट नेमकी कुठून सुरू होते ते त्यातूनच कळतं, आणि जागा एकच निघाली आणि ती काढता येण्यासारखी असली तर ऑपरेशनने काहींच्या फिट थांबतात सुद्धा. आणि हो, तोवर मनाने गोळी बंद करू नका, एकदम बंद केली की फिटवर फिट येऊ शकते.

जाण्याआधी एक करा, पुढची फिट आली की भावाला कुशीवर करा, तोंडात काही घालू नका, वेळ बघा (पाच मिनिटांच्या वर गेली तर ॲम्ब्युलन्स बोलवा), आणि घरातल्या दुसऱ्या कोणालातरी फोनवर व्हिडिओ काढायला सांगा, चेहरा आणि दोन्ही हात दिसले पाहिजेत, कारण आधी कुठला हात आखडला हे घाबरलेल्या घरच्यांना कधीच आठवत नाही आणि डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.