छत्तीस नंबरची दाढ आणि दोन कागद

प्रशांतने दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि हाताची घडी घालून बसला. एक पुण्यातल्या दवाखान्याचा, छापील, गुळगुळीत: दोन रूट कॅनाल, दोन कॅप, दोन दात काढणे, दोन इम्प्लांट (हाडात स्क्रू रोवून बसवायचे नवे दात), सफाई. एकूण १,३२,००० रुपये. दुसरा तालुक्याच्या गावचा, औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीमागे बॉलपेनने खरडलेला: ‘३६ काढणे – ८००.’ तोंड एकच, त्याच्या आईचं.

“मॅडम, यातला चोर कोण, तेवढं फक्त सांगा.”

(नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतं, शब्द तेवढे वेगळे. एक दात दुखतो म्हणून गेलो आणि यादी पाच दातांची निघाली. खरंच एवढं लागतं, की गिऱ्हाईक बघून आकडा फुगवला? मी स्वतः दंतवैद्य. मनगटाने दगा दिला तेव्हा ड्रिल खाली ठेवलं. आता साताऱ्यात मैत्रिणीच्या दवाखान्यात आठवड्यातले तीन दिवस बसते. पेशंट त्या मागे कलणाऱ्या खुर्चीत जाण्याआधी त्याच्याशी बोलायचं, आणि उतरल्यावर पुन्हा बोलायचं, हे माझं काम. माझ्याकडची खुर्ची साधी लाकडी आहे. तिच्यात बसलेल्याला तोंड मिटून बोलता येतं, हा तिचा मोठा गुण.

मंगलमावशी कोरेगावकडच्या, वय ५६. पदराचा काठ ओठांवर धरून बसलेल्या. मुलगा चोर-पोलिस करत असताना त्यांनी पुण्याच्या कागदावर बोट टेकवलं. “बाई, मानसाला दात बत्तीस. मग ह्यांनी शेहेचाळीस कुठनं आनला?”

प्रशांत ओशाळला, पण प्रश्न बिनतोड होता. हे आम्ही कुणी सांगतच नाही. तोंडाचे चार भाग पाडायचे: वरचा उजवा १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४. पहिला आकडा भागाचा. दुसरा आकडा म्हणजे पुढच्या मधल्या दातापासून मागे मोजत गेलं की कितवा. ३६ ही खालच्या डाव्या बाजूची सहावी, म्हणजे पहिली मोठी दाढ. ४६ तिची उजवीकडची जोडीदारीण. मावशींनी जिभेने आतल्या आत मोजून बघितलं आणि मान हलवली. दोन्ही कागदांचं जमत नव्हतं ते नेमकं ३६ वरच. एक म्हणतो वाचवा, दुसरा म्हणतो उपटा. छत्तीसचा आकडा म्हणतात तो असा.

कागदावर टेकलेल्या त्या बोटाकडे माझं लक्ष गेलं. उजव्या हाताची तर्जनी, नखाच्या कडेला काळी रेघ. चुलीची म्हणावी तर बाकीची बोटं स्वच्छ होती.

काय दुखतं हे मी मावशींना विचारत होते आणि उत्तर प्रशांत देत होता. “तिला गार लागलं की...” “ती रात्री...” काळजीपोटीच हो, पण रोगी एक आणि बोलणारा दुसरा अशी तक्रार घेतली की हाती फार थोडं लागतं. साखरेच्या तपासणीची फाईल गाडीत राहिलीय असं कळल्यावर मी त्याला ती आणायला पाठवलं. गाडी सुदैवाने लांब लावलेली होती.

मग विचारलं, “मावशी, दात कशानं घासता?”

“तंबाखू खाता का?” असं मी आपल्या भागातल्या बायकांना विचारत नाही. त्या “न्हाई” म्हणतात आणि खोटं बोलत नसतात. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजून, कुटून केलेली मिश्री त्यांच्या लेखी दंतमंजन असते. ती खायची नसते, लावायची असते.

“पेस्ट हाय घरात. पोरं वापरत्यात,” मावशी म्हणाल्या. मग दाराकडे बघून हळूच, “मी आपली मिश्री लावते.”

“दिवसातनं किती वेळा?”

त्यांनी बोटांवर मोजलं. सकाळी उठल्यावर. दुपारी जेवण झालं की. संध्याकाळच्या भाकऱ्या झाल्यावर. झोपताना. “तिच्याबिगर डोसकं चालत न्हाई बगा.”

हे आधीच्या दोन्ही डॉक्टरांना सांगितलं होतं का? त्यांनी विचारलंच नव्हतं. आणि मग, मी काहीच न विचारता, पुढचं वाक्य आलं. “माझी थोरली जाऊ तोंडाच्या गाठीनं गेली. तिला बी पयल्यांदा दाढच दुकत हुती.”

मग सगळं उलगडलं. मावशींना तालुक्याचे डॉक्टर आवडले होते, पण त्याचं कारण आठशे रुपये नव्हतं. “त्येंनी नुसता दुकता दात बघितला. पुन्यातल्या बाईनं आरसा घालून लईच बघाय सुरू क्येलं, तवा मी म्हनलं पुरं, मळमळतंय.” म्हणजे पुण्याची तपासणीही अर्धवट सुटली होती. मुलाला यादीतल्या आकड्याची भीती होती, आणि आईला यादीत जे लिहिलं नव्हतं त्याची.

मी त्यांना खोटा धीर दिला नाही. ‘काही नसेल हो’ हे वाक्य तपासण्याआधी बोलायचं नसतं. एवढंच म्हटलं, की आज आधी दात राहू देत, दात सोडून बाकीचं सगळं तोंड बघू, मी शेजारी उभी राहते, आणि थांबावंसं वाटलं की डावा हात वर करायचा.

माझी मैत्रीण तपासणी बाहेरून सुरू करते. जबड्याखाली, मानेच्या कडेने बोटं फिरवून गाठी लागतात का ते बघणं. मग ओठ उलटून आतली बाजू, दोन्ही गाल, टाळू. मग ओल्या गॉजच्या तुकड्यात जिभेचं टोक धरून जीभ आधी एका कडेला, मग दुसऱ्या कडेला ओढून तिच्या बाजू, शेवटी जिभेखालचा भाग. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं. रोगी दाढेसाठी आला असला तरी हे दरवेळी करायचं असतं, आणि नेमकं हेच घाईत गळतं.

खालच्या ओठाच्या आत, हिरडी आणि ओठ यांच्या खाचेत, जिथे मिश्री बसते तिथे करडा-पांढरा, सुरकुतलेला चट्टा होता. पुसून जात नव्हता. हाताला मऊ, जखम नाही, घट्टपणा नाही. मानेत गाठ नाही. मैत्रिणीने फोटो काढला आणि मावशींना आरशात दाखवला. मला वाटलं आता हात वर होईल. त्या बराच वेळ बघत राहिल्या. “हे व्हय? जावंचं आसं नव्हतं. तिचं फुटल्यालं हुतं.”

मग दातांची पाळी. खुणा असलेली बोथट सळई हिरडीच्या कडेने आत सरकवून खोली मोजतात, दर दाताला सहा ठिकाणी. मैत्रीण आकडे मोठ्याने सांगते, मदतनीस लिहिते. “दोन, तीन, दोन... तीन, चार, पाच...” तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. त्यापुढे हिरडीने दाताला सोडायला सुरुवात केली असं समजायचं. ३७ ला “सात, आठ, आठ”, आणि दाढ हाताला चांगलीच हलत होती. ४६ ची फक्त मुळं उरलेली, कित्येक वर्षांची, न दुखणारी. ३५ ला खोल कीड. ३६ ला गार लावलं तर कळ उठली, आणि गार काढून घेतल्यावरही बराच वेळ टिकली. कळ लगेच विरली तर आतली नस बहुधा सावरते. टिकून राहिली, रात्री झोपेतून उठवू लागली, तर सहसा ती सावरत नाही. म्हणून ३६ ला रूट कॅनाल, नाहीतर दाढ काढणं. भरून भागणार नाही. एक्स-रेमध्ये तिची मुळं भक्कम होती, भोवतीचं हाडही चांगलं.

एवढ्यात प्रशांत फाईल घेऊन आला. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ९.४. पाच महिन्यांपूर्वीची, त्यानंतर तपासणीच नाही. साखर चढी असली की हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्यांत पू-सूज असली की साखर आटोक्यात येणं अवघड होतं. दोघं एकमेकांना खतपाणी घालतात. त्यात दिवसाला चार वेळा तंबाखू. अशा तोंडात आज इम्प्लांट बसवणं म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणं.

मग आम्ही तिघं पुन्हा लाकडी खुर्च्यांवर. प्रशांतचा प्रश्न तसाच होता, चोर कोण?

मी त्याला सांगितलं, की १९९७ साली अमेरिकेत एका पत्रकाराने आपलं एकच तोंड घेऊन ५० दंतवैद्य गाठले होते. खर्चाचे अंदाज ५०० डॉलरच्या आतून निघाले ते जवळजवळ ३०,००० पर्यंत गेले. त्यात लबाडी नव्हतीच असं मी म्हणणार नाही. आमच्या धंद्यातही लबाड आहेत. तपासायच्या आधी पॅकेज सांगणारे, ‘आजच पैसे भरलेत तर वीस टक्के सूट’ म्हणणारे, दातांचे डॉक्टर असून साखर-बीपीच्या गोळ्या न विचारणारे. अशा ठिकाणाहून मी सख्ख्या बहिणीला उठवून आणेन. पण फरक पडायला लबाडीच लागते असं नाही. त्याच्या आईची ३५ बघा. कीड नसेच्या इतकी जवळ आहे की एक डॉक्टर म्हणेल आत्ताच रूट कॅनाल करून मोकळे होऊ, दुसरा म्हणेल कीड काढून औषध घालून भरू, दुखलीच तर बघू. दोघांच्या हातात एक्स-रे एकच. आम्ही भरायचं ठरवलं, आणि पुढे रूट कॅनाल लागू शकतं हे त्याच दिवशी कागदावर लिहून दिलं, म्हणजे नंतर ‘आधी का नाही बोललात’ नको.

पुण्याची यादी बरीचशी खरीच होती, फक्त तिला क्रम नव्हता. सगळ्या ओळी एका दमात, खाली बेरीज. ते बिलासारखं दिसतं आणि मग माणूस बिलासारखंच वाचतो. तालुक्याच्या डॉक्टरांनी दुखणं थांबवायचा सर्वांत स्वस्त मार्ग सांगितला, तोही चुकीचा नाही, पण सगळ्यांत भक्कम दाढ काढून हलणारी तशीच ठेवणं मला पटत नव्हतं.

मी कोरा कागद घेतला. वर लिहिलं ‘आज’: ३६ ची नस उघडून दुखणं थांबवणं. आणि मिश्री बंद, चट्टा दोन आठवड्यांनी पुन्हा बघणं. खाली ‘या महिन्यात’: साखरेच्या डॉक्टरांची भेट, सफाई, ३५ भरणं, ३६ पूर्ण करून कॅप. साखर उतरली की ४६ ची मुळं आणि ३७ काढणं. मग सहा आठवडे थांबून पुन्हा सळईने मोजणं. इम्प्लांटची ओळ पेन्सिलने लिहिली आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. ३७ अगदी मागची, तिच्याजागी काही न बसवताही अनेकांचं चांगलं चालतं. ४६ च्या जागी काय, ब्रिज, काढघालीची कवळी, इम्प्लांट की काहीच नाही, हे हिरड्या आणि साखर बघून ठरवायचं. प्रत्येक ओळीला विचार, मी प्रशांतला म्हटलं, ‘हे आत्ता केलं नाही तर काय होईल?’ डॉक्टरला याचं उत्तर ओळीगणिक वेगळं देता आलं पाहिजे. सगळ्या ओळींना ‘फार वाईट होईल’ असंच उत्तर आलं तर एक्स-रेची प्रत मागून घ्यायची आणि दुसऱ्याला दाखवायचं. पैशाची ओढाताण असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं आहेतच. खेपा जास्त होतात, खर्च पुष्कळ कमी.

मिश्रीचं प्रशांतला मी सांगितलं नाही. मावशींनीच सांगितलं, जिना उतरताना. वर ऐकू आलं तेवढ्यावरून तो चिडला आणि मग गप्प झाला.

दोन आठवड्यांनी आल्या तेव्हा मिश्री चारवरून एकवर आली होती. सकाळची सुटत नव्हती, तिच्याशिवाय पोट साफ होत नाही म्हणाल्या. मी रागावले नाही. ही अडचण जवळजवळ प्रत्येक बाई सांगते. उठल्याबरोबर कोमट पाणी, तोंडात लवंग आणि १८०० ११ २३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत फोन, तोही नातीने लावून दिला. चट्ट्याच्या कडा विरल्या होत्या, मधला हरभऱ्याएवढा भाग मात्र तसाच. कारण कमी करूनही जे दोन आठवड्यांत जात नाही त्याचा तुकडा तपासायला पाठवायचा, हा नियम. अहवाल येईपर्यंतच्या आठ दिवसांत प्रशांतचे मला अकरा फोन आले, मावशींचा एकही नाही. अहवालात कॅन्सर नव्हता. पेशींत किंचित बदल होते, म्हणून मिश्री पूर्ण बंद आणि दर तीन महिन्यांनी दाखवणं.

परवा सफाईनंतरची मोजणी होती. दाढा काढून झालेल्या, एचबीएवनसी ७.६. मैत्रीण आकडे सांगत होती, मदतनीस लिहीत होती. “तीन, तीन, चार...” मावशींनी डावा हात वर केला. सगळे थांबलो. त्यांनी तोंडातला पाणी ओढणारा पाइप बाजूला सारला.

“बाई, हितं मागल्या खेपेला पाच हुतं. नीट बगा.”

मैत्रिणीने पुन्हा सळई घातली. चारच होतं.